फायटर माशाची घरगुती पैदास: आधी पिल्लांचे अन्न, मग जोडी

फायटर माशाची जोडी लावून अंडी मिळवणे हे फारसे अवघड काम नाही. निरोगी नर, अंड्यांनी भरलेली मादी आणि कोमट, संथ पाणी एवढे जमले की उरलेले काम मासे स्वतःच उरकतात. त्यामुळे पहिल्याच प्रयत्नात अंडी मिळालेले हौशी लोक पुष्कळ भेटतात. त्या अंड्यांतून निघालेली पिल्ले दोन महिन्यांपर्यंत जगवलेले मात्र थोडेच. फरक पडतो तो पिल्ले पोहू लागल्यानंतरच्या पहिल्या आठ-दहा दिवसांत. त्या दिवसांत पिल्लाचे तोंड इतके लहान असते की दुकानातले दाणेदार खाद्य कितीही कुटले तरी त्याच्या कामाचे नसते, आणि जे हलत नाही त्याला ते सहसा तोंडही लावत नाही. त्याला डोळ्यांना जेमतेम दिसेल असे जिवंत अन्न लागते, आणि असे अन्न एका रात्रीत तयार होत नाही.

मी पहिल्यांदा जोडी लावली तेव्हा घरटे, अंडी, नराची राखण हे सगळे यथासांग पार पडले. पिल्ले आडवी पोहू लागली त्या दिवशी मात्र त्यांना द्यायला माझ्याकडे काहीच नव्हते, म्हणून उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक फडक्यातून गाळून टाकीत सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी ताकासारखे पांढुरके झाले होते, त्याला वास येत होता, आणि शंभरेक पिल्लांपैकी सहा-सात तळाशी हलताना दिसत होती. संध्याकाळपर्यंत तीही गेली. या लेखाचा क्रम त्या चुकीतून ठरला आहे. येथे सुरुवात माशांपासून नव्हे, तर पिल्लांच्या अन्नापासून केली आहे, आणि प्रत्यक्ष कामही त्याच क्रमाने करावे.

माशाचा स्वभाव समजून घेताना

आपल्याकडे ‘फायटर’ या नावाने विकला जाणारा हा मासा म्हणजे बेट्टा स्प्लेंडेन्स. त्याचे मूळ घर थायलंडमधील भातखाचरे, उथळ दलदली आणि संथ कालवे. तेथे त्याला ‘प्ला काट’, म्हणजे चावणारा मासा, असे म्हणतात, आणि 2019 मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा दर्जाही दिला. अशा उथळ, उबदार पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून या माशाच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या बाजूला, हवेतील प्राणवायू शोषून घेणारा घड्याघड्यांचा एक अवयव असतो, ज्याला लॅबिरिंथ म्हणतात. मासा अधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतो तो यासाठीच.

पैदाशीतील बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात. पाण्यात प्राणवायू कमी, म्हणून नर तळाशी अंडी न ठेवता पृष्ठभागावर, हवेलगत, लाळेने चिकट केलेल्या बुडबुड्यांचे घरटे बांधतो. घरटे नाजूक, म्हणून पाणी हलता कामा नये. खाली पडलेले अंडे तोंडात धरून वर न्यावे लागते, म्हणून पाणी उथळ हवे. आणि पिल्लाला लॅबिरिंथ जन्मतः नसतो, तो काही आठवड्यांनी तयार होतो, म्हणून त्या काळात पाण्यावरची हवासुद्धा उबदार व दमट ठेवावी लागते. एवढे ध्यानात ठेवले तर पुढील सूचना पाठ कराव्या लागणार नाहीत.

आधी बरण्या मोजाव्यात

एका विणीत साधारणपणे शंभर ते तीनशे अंडी मिळतात, कधी त्याहून जास्तही. समजा, त्यातील ऐंशीच पिल्ले दोन महिन्यांची झाली आणि त्यांत निम्मे नर निघाले, तरी चाळीस नर प्रत्येकी वेगळ्या बरणीत ठेवावे लागतात, कारण वयात येणारे नर एकमेकांचे पर फाडतात. बरणी दीड लिटरची धरली तर साठ लिटर पाणी झाले, आणि आठवड्यातून दोनदा ते पूर्ण बदलायचे तर एकशेवीस लिटर. हे काम तीन-चार महिने, सुट्टीच्या दिवशीही, करावे लागते. उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने येणाऱ्या सोसायटीत राहणाऱ्याने हा हिशेब घरातल्या मंडळींसमोर मांडून मगच पुढे जावे.

एवढी तयारी नसेल तर गप्पी किंवा मोलीपासून सुरुवात करणे शहाणपणाचे. त्यांची मादी थेट पोहणारी पिल्लेच देते आणि ती पिल्ले पहिल्या दिवसापासून बारीक कुटलेले कोरडे खाद्य खातात. ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ हे वाक्य गावोगावच्या भिंतींवर वाचत मोठ्या झालेल्या पिढीला त्यांची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही.

तीन-चार आठवडे आधी: अन्नाची पैदास

माशांच्या आधी चार प्रकारचे जिवंत अन्न हाताशी हवे. चारही एकदम जमले नाही तरी पहिले आणि शेवटचे यांना पर्याय नाही.

पहिले म्हणजे इन्फ्युसोरिया, अर्थात साचलेल्या पाण्यात आपोआप वाढणारे एकपेशीय व तत्सम सूक्ष्मजीव. दोन मोठ्या काचेच्या बरण्यांत जुन्या, निरोगी टाकीतील पाणी भरावे आणि प्रत्येकीत केळीच्या सालीचा बोटभर तुकडा किंवा कोबीचे एक पान टाकून तोंडाला पातळ फडके बांधावे. बरणी उजेडात पण थेट उन्हात न येईल अशी ठेवावी. दोन दिवसांत पाणी दुधाळ होते आणि त्याला वास सुटतो. हे जिवाणू आहेत, पिल्लांचे अन्न नव्हे, आणि या अवस्थेत ते पाणी टाकीत ओतणे म्हणजे माझ्या बलकाचीच पुनरावृत्ती करणे होय. चौथ्या-पाचव्या दिवसापासून पाणी निवळू लागते, कारण सूक्ष्मजीव त्या जिवाणूंवर ताव मारत असतात. बरणीमागे विजेरी धरून भिंगातून पाहिले की धुळीचे कण स्वतःच्या मर्जीने इकडेतिकडे सरकत असल्यासारखे दिसते. तेव्हा ते वापरण्यायोग्य झाले. दुसरी बरणी पहिलीनंतर तीन दिवसांनी लावावी, म्हणजे एक संपताना दुसरी तयार असते. इन्फ्युसोरिया फार दिवस टिकत नसल्यामुळे वापरावयाच्या बरण्या जोडी लावण्याच्या आसपास लावाव्यात, पण एकदा हात बसावा म्हणून तीन आठवडे आधी रंगीत तालीम जरूर करावी.

दुसरे म्हणजे व्हिनेगर ईल. नावात ईल असले तरी तो दोरा कातरावा तसा दिसणारा बारीक कृमी आहे. त्याचे बीज, म्हणजे वाढ सुरू करण्यापुरते जिवंत कृमी, एखाद्या हौशी मत्स्यपालकाकडून मिळते. सफरचंदाचे व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे घेऊन त्यात सफरचंदाची एक फोड व बीज टाकून ठेवले की तीन-चार आठवड्यांत भरपूर वाढ होते, आणि पुढे कित्येक महिने त्याकडे पाहावे लागत नाही. काढण्याची युक्ती मजेदार आहे. हे द्रावण अरुंद गळ्याच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरावे, द्रावणाला टेकेल असा कापसाचा बोळा गळ्यात बसवावा आणि त्यावर साधे पाणी ओतावे. कृमी हवेच्या शोधात कापसातून वर चढतात आणि दुसऱ्या दिवशी ड्रॉपरने स्वच्छ पाण्यासह उचलता येतात. टाकीत ते कित्येक दिवस जिवंत राहतात आणि तळाशी न बसता मधल्या थरात पोहत राहतात, म्हणून मला ते फार सोयीचे वाटतात.

तिसरे मायक्रोवर्म. शिजवलेल्या ओट्सच्या घट्ट लापशीवर चिमूटभर यीस्ट आणि बीज टाकून झाकणाला छिद्रे असलेल्या डब्यात ठेवले की आठवड्याभरात कृमी डब्याच्या भिंतीवर चढू लागतात, आणि ते बोटाने पुसून घेता येतात. ते तळाशी जाऊन पडतात व तेथे मेले की पाणी बिघडवतात, त्यामुळे ते पूरक म्हणूनच ठीक. डब्याला आंबूस वास येतो. स्वयंपाकघरात ठेवू नये.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील इवल्या, कोळंबीसारख्या जीवाची नुकती उबलेली पिल्ले. आर्टेमियाची सुकी अंडी डब्यात मिळतात, आणि डबा फोडल्यावर ती हवाबंद करून फ्रिजमध्येच ठेवावीत, कारण ओलावा लागलेली अंडी उबत नाहीत. कोल्ड्रिंकची बाटली बुडाकडून कापून उलटी टांगावी, तिच्यात एक लिटर पाणी, पंचवीस ते तीस ग्रॅम खडे मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा आणि अर्धा लहान चमचा अंडी घालून एअर पंपाची नळी थेट तळापर्यंत सोडावी. बाटलीवर दिवा ठेवून पाणी 27 अंशांच्या आसपास राहिले तर साधारण चोवीस तासांत अंडी उबतात. मग पंप बंद करून दहा मिनिटे थांबावे. रिकामी टरफले वर तरंगतात आणि नारिंगी पिल्ले खाली, उजेडाच्या दिशेला, गोळा होतात. तेवढीच नळीने ओढून तलम कापडावर गाळावीत, गोड्या पाण्याने धुवावीत आणि लगेच वापरावीत, कारण अंगातील बलक संपत जातो तसे त्यांचे पोषणमूल्य घटते. टरफले टाकीत जाऊ देऊ नयेत. पिल्लांनी ती गिळली तर त्यांचे पोट अडते.

जोडीची निवड

साधारण चार ते आठ महिन्यांचे मासे पैदाशीला उत्तम. दुकानातील मोठा, भरदार नर बहुधा त्याहून वयस्क असतो. दिसायला देखणा, पण कामाला मंद. नर उत्साही असावा, समोर आरसा धरताच त्याने कल्ले फुगवावेत. मादी नरापेक्षा किंचित लहान असली तर बरे, कारण नर तिच्याभोवती शरीराची वेटोळी घालतो आणि मादी फार मोठी असेल तर ती वेटोळी जमत नाही. तिच्या पोटाखाली, पोटाच्या परांच्या मागे, साखरेच्या कणासारखा पांढरा ठिपका दिसला पाहिजे. तो अंडी बाहेर पडण्याच्या नळीचा शेंडा असतो.

रंगाच्या मोहात पडताना दोन गोष्टी पाहाव्यात. अंगावर जाड चंदेरी खवले असणाऱ्या ड्रॅगन प्रकारात काही माशांच्या डोळ्यांवरही खवले वाढत जाऊन ते आंधळे होतात. अशा दोन माशांची जोडी लावू नये. शेपटी अर्धचंद्रासारखी पसरणाऱ्या हाफमून नराचे पर कधी इतके जड असतात की त्याला वेटोळी घालणेच जमत नाही. नवख्याने आखूड परांच्या प्लाकाट प्रकारापासून सुरुवात केली तर निराशा कमी येते. एकाच कपाटातल्या, एकाच रंगाच्या दोन माशांना भाऊ-बहीण समजण्याचे कारण नाही, आणि त्यांची पिल्ले आई-बापांसारखीच निघतील असेही नाही. विशेषतः अंगावर वेगवेगळ्या रंगांचे डाग असणाऱ्या मार्बल प्रकारात पिल्लांचे रंग वय वाढेल तसे बदलत राहतात.

नवीन आणलेले मासे किमान दोन आठवडे वेगळे ठेवून निरोगी असल्याची खात्री करावी. त्याच काळात त्यांना दिवसातून दोन-तीनदा थोडे थोडे सकस अन्न द्यावे: आर्टेमिया, मोइना (गोड्या पाण्यातील बारीक पाणपिसू), गोठवलेले ब्लडवर्म (डासासारख्या एका कीटकाच्या लाल अळ्या). बाजारात ओला ट्युबिफेक्स, म्हणजे लाल दोऱ्यासारखा कृमी, स्वस्त मिळतो, पण तो बहुधा गटाराच्या गाळातून येतो. मी तो घरात आणत नाही. डासांच्या अळ्या हे या माशाचे नैसर्गिक अन्न असले तरी त्या मुद्दाम साचवलेल्या बादलीत वाढवणे शेजाऱ्यांच्या जिवावर उठणारे आहे, आणि डासांची पैदास आढळल्यास महापालिका दंड करते तो वेगळाच.

टाकी आणि पाणी

वीस ते चाळीस लिटरची टाकी पुरते. तळाशी वाळू किंवा खडे घालू नयेत, कारण खड्यांच्या फटीत पडलेले अंडे नराला सापडत नाही. पाण्याची उंची दहा ते पंधरा सेंटिमीटर ठेवावी. नळाचे पाणी चोवीस तास उघडे ठेवले की त्यातील साधा क्लोरीन उडून जातो, पण घाई असेल किंवा पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीनचे सहज न उडणारे संयुग) असण्याचा संभव असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब वापरावेत. सामू (पीएच) साडेसहा ते साडेसात या दरम्यान असला तर त्याच्याशी खेळत बसू नये. बोअरवेलचे पाणी फार जड असेल तर त्यात आरओचे शुद्ध पाणी मिसळून ते हलके करता येते.

तापमान 27-28 अंश हवे. मुंबई-कोकणात वर्षातील बराच काळ हीटरशिवाय चालते. पुणे, नाशिक किंवा त्यापुढच्या भागात हिवाळ्यात 25 ते 50 वॅटचा, आपोआप बंद-चालू होणारा हीटर लागतोच. पाणी उथळ असल्यामुळे हीटर उभा लावला तर त्याचे अर्धे अंग पाण्याबाहेर राहून काच तडकते. जो पूर्ण बुडवता येतो असाच हीटर घेऊन तो तळाशी आडवा ठेवावा, आणि पाणी काढण्यापूर्वी तो बंद करून पंधरा-वीस मिनिटे निवू द्यावा.

टाकीत देशी बदामाचे एक वाळलेले पान टाकावे. रस्त्याकडेला, शाळांच्या आवारात उभे असलेले, ज्याची फळे दगडाने फोडून आपण लहानपणी आतला गर खाल्ला तेच हे झाड. हिवाळ्याच्या अखेरीस त्याची पाने तांबडी होऊन गळतात, तेव्हा स्वच्छ जागची, आपोआप गळलेली व पूर्ण सुकलेली पाने गोळा करून वर्षभर ठेवता येतात. पान धुऊन टाकले की पाण्याला चहासारखा रंग येतो. त्यातील टॅनिनमुळे सामू किंचित उतरतो आणि बुरशीला थोडा आळा बसतो. पुढे पान कुजू लागले की त्यावर सूक्ष्मजीव वाढतात आणि पिल्ले ते टिपत बसतात. दुकानात हेच पान पाकिटात घालून विकतात, याची गंमत वाटते.

एका कोपऱ्यात उभा कापलेला अर्धा थर्मोकोलचा पेला पालथा तरंगत ठेवावा. त्याच्याखाली घरटे सुरक्षित राहते. दुसऱ्या टोकाला जावा मॉस किंवा हॉर्नवर्टची दाट झुडपे मादीला लपण्यासाठी द्यावीत. वर घट्ट झाकण. एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर आत बसवून ठेवावा, पण या टप्प्यावर तो बंद असावा.

जोडी लावणे

नराला आधी टाकीत सोडावे. दुसऱ्या दिवशी मादीला कंदिलाच्या काचेत किंवा दोन्ही टोके कापलेल्या पारदर्शक बाटलीत घालून ती काच टाकीच्या मधोमध उभी करावी. नराला ती दिसते, पण तिला इजा करता येत नाही. नर कल्ले फुगवून तिच्यासमोर मिरवतो, घाईने पेल्याखाली जातो, बुडबुडे सोडतो आणि परत येतो. मादी तयार असेल तर तिच्या अंगावर उभे फिकट पट्टे उमटतात आणि ती डोके खाली करून त्याच्या दिशेला वळते. आडवे पट्टे हे भीतीचे लक्षण आहे. ते दिसत असतील तर थांबावे. उभे पट्टे आणि नीट बांधलेले घरटे दोन्ही दिसले की दुसऱ्या दिवशी सकाळी, आपण घरात असू अशा दिवशी, काच हळूच उचलून घ्यावी.

यानंतरचा पाठलाग पाहवत नाही. मादीचे पर थोडेफार फाटतात आणि खवले निघतात. एवढे चालायचेच. मात्र ती पृष्ठभागाजवळ एका कुशीवर निपचित राहू लागली किंवा तिच्या अंगाला जखमा दिसल्या तर ताबडतोब काढून घ्यावे आणि दोन-तीन आठवडे विश्रांती द्यावी. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत काही घडले नाही तरी तसेच करावे. जबरदस्तीने जुळलेली जोडी मी पाहिलेली नाही.

जुळले तर मादी स्वतःच घरट्याखाली येते. नर तिच्याभोवती वळून तिला घट्ट मिठीत घेतो, दोघेही क्षणभर थरथरतात आणि मग सैल पडतात. पहिल्या काही मिठ्या कोरड्याच जातात. त्यानंतर प्रत्येक वेळी खसखशीच्या दाण्याएवढी पांढरी अंडी दहा, वीस, कधी तीस-चाळीस सुटून संथपणे खाली जाऊ लागतात. मादी गुंगीत असल्यासारखी तिरपी तरंगत राहते आणि नर मात्र तत्काळ भानावर येऊन खाली झेपावतो, तोंडात अंडी गोळा करतो, वर जाऊन बुडबुड्यांत थुंकतो, आणि निसटलेले पुन्हा आणायला परत फिरतो. हा क्रम दोन ते सहा तास चालतो. या काळात झाकण उघडणे, दिवा लावणे, फोटोसाठी काचेला मोबाइल भिडवणे हे सर्व टाळावे.

नर मादीला घरट्याजवळ फिरकू देईनासा झाला की काम आटोपले असे समजून तिला अलगद काढून वेगळ्या बरणीत ठेवावे.

अंडी, राखण आणि पहिला आठवडा

28 अंशांना अंडी चोवीस ते छत्तीस तासांत उबतात. या काळात नराला अन्न देऊ नये. तो बहुधा खातही नाही. खोलीत रात्रभर मंद दिवा असला तर पडलेली अंडी त्याला दिसतात. पहिलटकर नर कधी सगळी अंडी खाऊन टाकतो. अंडी फळलेली नसतील तरीही असे होते. एकदा-दोनदा झाले म्हणून नराला दोष देऊ नये, पण तिसऱ्यांदा झाले तर नर बदलावा. नराला काढून अंडी मिथिलिन ब्लू या बुरशीरोधक औषधाच्या फिकट निळ्या पाण्यात उबवता येतात, तरी बापाइतकी निगा आपल्याच्याने होत नाही असा माझा अनुभव आहे.

उबलेली पिल्ले घरट्याखाली शेपटी खाली करून लोंबकळतात. मधूनच एखादे सुटून खाली जाते आणि नर ते टिपून परत आणतो. दोन-तीन दिवस ती पोटातील बलकावरच जगतात, त्यामुळे काहीही टाकू नये. ज्या सकाळी बरीच पिल्ले लोंबकळणे सोडून आडवी, सरळ रेषेत पोहताना दिसतात, त्याच दिवशी नराला काढावे आणि पहिले अन्न द्यावे.

पहिले तीन-चार दिवस इन्फ्युसोरियाचे पाणी दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी दोन-तीन मोठे चमचे, आणि सोबत व्हिनेगर ईलचे काही ड्रॉपर. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून आर्टेमिया सुरू करावा: सुरुवातीला ड्रॉपरभर, सकाळ-संध्याकाळ. पोट भरले की नाही हे पाहण्याची सोपी खूण आहे. बाजूने विजेरी धरली की खाल्लेल्या पिल्लाचे पोट नारिंगी मण्यासारखे चमकते, आणि न खाल्लेल्याचे पारदर्शक व आत ओढलेले दिसते. नारिंगी पोटांची संख्या रोज वाढली पाहिजे. दहाव्या दिवशीही पारदर्शक राहिलेली पिल्ले सहसा वाचत नाहीत.

पाण्याला या आठवड्यात फार हात लावू नये. एअर पंपाच्या नळीच्या टोकाला काडी बांधून तळाशी साचलेले मेलेले अन्न रोज थोडे ओढून घ्यावे, ओढलेले पाणी पांढऱ्या भांड्यात घ्यावे आणि त्यात आलेली पिल्ले ड्रॉपरने परत सोडावीत. जेवढे काढले तेवढेच त्याच तापमानाचे पाणी थेंबथेंब भरावे. पिल्ले पोहू लागल्यावर स्पंज फिल्टर सुरू करावा, तोही इतका मंद की सेकंदाला एक-दोन बुडबुडे निघतील.

दोन ते सहा आठवडे

दुसऱ्या आठवड्यापासून पाण्याची उंची हळूहळू वाढवावी आणि एक दिवसाआड दहा-वीस टक्के पाणी बदलावे. साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात लॅबिरिंथ तयार होतो व पिल्ले पृष्ठभागावर येऊन हवा घेऊ लागतात. या काळात झाकणाच्या फटींवर स्वयंपाकघरातील पातळ प्लॅस्टिकचा कागद लावून हवा आतल्या आत कोंडलेली, दमट राहू द्यावी. वीज गेली तर टाकीच्या चारही बाजूंना थर्मोकोलचे तुकडे लावून वर चादर टाकली की काही तास तापमान टिकते.

आणखी एक धोका अगदी घरगुती आहे. डास मारण्याची लिक्विडे, कॉइल आणि झुरळांचे फवारे यांतील पायरेथ्रॉइड द्रव्ये माशांना अत्यंत घातक असतात, आणि एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलत असतो. पिल्लांच्या खोलीत मच्छरदाणी वापरावी. पेस्ट कंट्रोलचा दिवस असेल तर पंप बंद करून टाकी ओल्या चादरीने झाकावी, आणि शक्य असल्यास दुसऱ्या खोलीत हलवावी.

चौथ्या आठवड्यापासून मोइना, बारीक कुटलेले कोरडे खाद्य आणि किसलेले गोठवलेले ब्लडवर्म यांची सवय लावावी, मात्र आर्टेमिया एकदम बंद करू नये. अंगावर सोनेरी धूळ बसल्यासारखी दिसली, पर मिटलेले असले आणि पिल्ले वस्तूंना अंग घासत असली तर तो व्हेल्व्हेट रोग समजावा. तो पसरण्यास वेळ लागत नाही. टाकी काळ्या कापडाने झाकावी, तापमान अंशभर वाढवावे आणि दुकानातून त्या रोगाचे औषध आणून पाकिटावरील मात्रेने, सुरुवातीला निम्म्यानेच, द्यावे.

काही पिल्ले तळाशी पोट घासत सरकतात आणि वर येऊ शकत नाहीत. थोडी सुधारतात, बरीच सुधारत नाहीत. कण्यात बाक असलेली, तोंड न मिटणारी पिल्ले पुढे विकू किंवा वाटू नयेत. त्यांना यातनारहित मरण देण्यासाठी लवंगाचे तेल कोमट पाण्यात चांगले घुसळून वापरतात. त्यातील युजेनॉल हे माशांसाठी गुंगीचे द्रव्य आहे.

वेगळे करणे आणि देणे

सातव्या ते दहाव्या आठवड्यात नर ओळखू येतात: पर लांबू लागतात, कल्ले फुगतात, कोपरे राखले जातात. जो पहिला भांडेल त्याला पहिला बरणीत घालावे. बरण्या शेजारी शेजारी ठेवून मध्ये पुठ्ठे उभे करावेत, कारण सतत समोर प्रतिस्पर्धी दिसला तर मासा थकतो व खाणे सोडतो. दिवसातून पाच-दहा मिनिटे पुठ्ठे काढले तर मात्र परांना व्यायाम होतो. बहुतेक माद्या मोठ्या टाकीत एकत्र राहतात, तरी त्यांतही एखादी दांडगट निघते आणि तिलाही बरणी लागते.

मासे जास्त झाले म्हणून विहिरीत, तळ्यात किंवा विसर्जनाच्या घाटावर सोडू नयेत. हौशी लोकांनी सोडलेला सकरमाऊथ मासा आज देशातील अनेक नद्या-तलावांत कोळ्यांची जाळी फाडतो आहे. चार महिन्यांचे मासे ओळखीच्या दुकानदाराला किंवा इतर हौशी पालकांना द्यावेत, आणि त्यांच्याशी बोलणी जोडी लावण्यापूर्वीच करून ठेवावीत. देताना आदल्या दिवशी मासा उपाशी ठेवावा. पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि दोन तृतीयांश साधी हवा भरावी. हवा थेट घेणाऱ्या या माशासाठी ऑक्सिजनचा सिलिंडर लागत नाही. पिशवीचे कोपरे रबराने बांधून गोल करावेत, नाहीतर मासा कोपऱ्यात अडकतो, आणि एका पिशवीतला मासा दुसरीतल्याला दिसू नये म्हणून प्रत्येक पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळावी.